सल्ला न देणाऱ्या तायडेबाई

तायडेबाई कुणालाही काय करायचं ते सांगत नसत. त्यांचा धंदाच तो होता, आणि त्यात त्यांनी जळगावात नाव कमावलं. हे मला समजायला चार वर्षं लागली. तेव्हा वाचणाऱ्याला एका दमात समजलं नाही तर मी नाव ठेवणार नाही.

स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटांवर एका वकिलाच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. पुढे ओटा, ओट्यावर बाक, आत बसायची खोली. दारावर पाटी होती: इंदू तायडे, एम.ए., आणि खाली भेटायची वेळ. इथे काय मिळतं, ते पाटीवर नव्हतं. एकजण टायपिंगचा क्लास समजून मुलीचं नाव घालायला आला होता. मी त्याला म्हटलं, "इथं मनाचं बघतात." तो मुलीचा हात धरून उलट्या पावली गेला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझा नवरा वारला होता आणि मी धरणगावहून जळगावला भावाकडे राहायला आले होते. शिक्षण चौथी. बाईंकडे झाडलोट, चहा, आणि येणाऱ्यांना बसवून घेणं, एवढं काम होतं. बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला काय जमतं?" मी म्हटलं, "काय जमत नाही ते सांगते. मला गप्प बसता येत नाही." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग बाहेर बसा. आत मी गप्प बसते."

त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते. बाई बडोद्याला शिकल्या, तीन वर्षं कॉलेजात शिकवलं, मग नोकरी सोडून हे काम सुरू केलं. लग्न केलं नव्हतं. उंच, हडकुळ्या, साडी कायम सुती आणि कायम चुरगळलेली. मनगटात पुरुषी घड्याळ, तेही काच आतल्या बाजूला. लुनावरून यायच्या आणि लुना रोज बंद पडायची. स्वयंपाक अगदीच वाईट. एकदा त्यांनी आणलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा मीच आणायला लागले.

माझ्या भावकीतल्या बायकांनी मला विचारलं, "तायडे का? मग तिथं पाणी पितेस?" मी म्हटलं, "चहा पिते. आणि तो मीच करते." पुन्हा कुणी विचारलं नाही.

आत काय बोलणं व्हायचं ते मला माहीत नाही. मी दाराला कान लावणाऱ्यातली नाही, आणि दार जाड सागवानी होतं हेही खरं. पण माणूस आत जाताना आणि बाहेर येताना मला दिसायचा. काही जण बाहेर येऊन चिडायचे. पहिल्याच महिन्यात भुसावळचा एक कारकून ताडकन बाहेर आला आणि मला म्हणाला, "मी विचारतोय काय करू, आणि ही बाई मलाच विचारते तुम्हाला काय वाटतं! मला माहीत असतं तर मी आलो असतो का?" मला त्याचं पटलं. वैद्याने रोग्यालाच औषध विचारायचं, ही कुठली रीत?

त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?" मी त्याची नक्कल करायची. एकदा त्यांनीच मला विचारलं, "उद्या डब्यात काय आणाल?" मी मान वाकडी करून, त्यांच्यासारखाच आवाज काढून म्हटलं, "मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?" बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसून गंभीरपणे म्हणाल्या, "शेवभाजी." मागायला मात्र त्यांना संकोच नव्हता.

एकदा मी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. सांगून का टाकत नाही?"

त्या म्हणाल्या, "मावशी, माणसाला आपलं काय दुखतं ते कळतं. कुठे जायचं तेही आत कुठेतरी कळलेलं असतं. पण आजूबाजूचे इतके बोलतात, की त्याचं त्याला ऐकू येत नाही. मी गप्प बसते, तेवढी त्याला जागा मिळते."

"आणि नाहीच ऐकू आलं तर?"

"तर परत मंगळवारी."

आणखी एक गोष्ट त्या म्हणायच्या. घाईने बदलवलेला माणूस आपल्यासाठी बदलतो. आपण नजरेआड झालो की पहिल्यासारखा होतो. मला तेव्हा वाटायचं, ही काम न करण्याची हुशार सबब आहे.

आतल्या खोलीत एक खुर्ची, एक लाकडी पलंग, एक आरामखुर्ची आणि खाली सतरंजी असायची. येणाऱ्याला त्या आधी विचारायच्या, "तुम्ही कुठे बसता? आणि मी कुठे बसू?" मोठमोठे लोक या प्रश्नाला गडबडायचे. दुसऱ्याला कुठे बसवायचं हे ज्याला रोज ठरवायची सवय, त्यालाही आपण कुठे बसायचं ते सांगता येत नसे. जे ठरेल ते बाई मानायच्या. एका बाईने त्यांना सतरंजीवर बसवलं आणि स्वतः खुर्चीवर बसली. बाई बसल्या.

माणूस बोलून झाला की त्या वहीत दोन ओळी लिहायच्या आणि त्याला वाचून दाखवायच्या. "बरोबर लिहिलं का?" एकदा दार उघडं असताना मी ऐकलं. एक मास्तरीण म्हणत होती, "मी राग म्हटलं नाही. कंटाळा म्हटलं." बाईंनी राग खोडला आणि कंटाळा लिहिलं. एम.ए. झालेली बाई समोरच्याने सांगितलं म्हणून आपलं लिहिलेलं खोडते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या शाळेत मास्तरांचं चुकलं तरी छडी आम्हालाच होती.

पण माझं मन फिरायला सुरुवात झाली ती चोपड्याच्या आबांमुळे. ते आता नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांनीच ही गोष्ट गावभर सांगितली आहे. केळीचे मोठे बागाईतदार. बायको गेल्यापासून आठ महिने त्यांना झोप नव्हती. डॉक्टर झाले, देव झाले, मग दोन मुलं जीप करून त्यांना बाईंकडे घेऊन आली. आबा आत गेले, सतरंजी निवडली, टोपी उशाशी ठेवली आणि झोपले. पाऊण तास झोपले. वेळ संपल्यावर बाईंनी हळूच हाक मारली, आबा उठले, टोपी घातली, गेले.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. ओट्यावर बसलेला थोरला मुलगा माझ्यावर उखडला. "मावशी, आम्ही जीप करीसन यास्ले आठे झोपाले आनतस का?"

मी बाईंना सांगितलं, "लोक हसतायत. तो म्हातारा येतो आणि घोरतो. तुम्ही उठवून बोला की."

"त्यांनी उठवायला सांगितलेलं नाही."

"मग तुम्ही तेवढा वेळ काय करता?"

"बसते."

मी चहा द्यायच्या निमित्ताने एकदा डोकावले. मला वाटलं होतं पुस्तक वाचत असतील. नाही. हातात काही नव्हतं. आबा घोरत होते आणि बाई त्यांच्याकडे तोंड करून अशा बसल्या होत्या, की जणू ते बोलतायत आणि त्या ऐकतायत. एक माशी आबांच्या तोंडाभोवती फिरत होती, ती त्या हाताने वारत होत्या. मी चहा तसाच परत आणला.

सातव्या आठवड्याला आबा झोपले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मुलाने विचारलं, "काय म्हनी बाई?" आबा म्हणाले, "बाई काही म्हनी नही. मीच म्हनं." आणि पायरीवर बसून त्यांनी माझ्याकडे चहा मागितला, साखर जास्त.

त्या दिवसापासून मी नक्कल करणं सोडलं. बोलणं मात्र सोडलं नाही, आणि त्यातूनच पुढचं झालं.

आमच्याकडे महत्त्वाची गोष्ट कुणी तोंडावर सांगत नाही. सोयरीक नको असेल तर मध्यस्थाकडून कळवायचं. सासऱ्याला सुनेचं काही खटकलं तर शेजारणीकडून तिच्या कानावर घालायचं. मोठं माणूस गप्प बसतं आणि त्याचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून येतं. ऐकणाराही समजतो, की तोंड कुणाचं आहे आणि म्हणणं कुणाचं.

बाईंच्या खोलीतून माणूस बाहेर आला की माझ्या बाकावर टेकायचा. पाणी प्यायचा. मग हळूच म्हणायचा, "मग मावशी? तुमचं काय म्हणणं?" मी सांगायची. नणंदेला एकदा ठणकावून बोल. त्या जागेचा नाद सोड. मुलाला वसतिगृहात ठेव. लोक मान हलवायचे, काही तर पाया पडायचे. मला मोठं बरं वाटायचं. चौथी शिकलेल्या विधवेला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

आता मुरलीचं सांगते. हे त्याचं खरं नाव नाही, पण गोष्ट लिहायला त्याची हरकत नाही, मी विचारलं आहे.

मुरली दोंडाईच्याचा. वडिलांचा मिरचीचा व्यापार, आडत दुकान. वय अठ्ठावीस, अंगाने दांडगा, बोलायला मऊ. त्याला चार माणसांसमोर जेवता येत नसे. घास तोंडात गेला की गळा आवळायचा, घाम फुटायचा, पानावरून उठावं लागायचं. एकट्याने, दार लावून, पोटभर जेवायचा. हे पाच-सहा वर्षं चाललं होतं. त्याचं लग्न ठरत होतं भडगावच्या मुलीशी, आणि वडिलांना धास्ती पडली होती ती लग्नाच्या पंगतीची. नवरा-नवरीने एकमेकांना घास द्यायचा असतो, सगळ्यांदेखत, नाव घेऊन. नवरदेव तिथे पानावरून पळाला तर तोंड कुठे दाखवायचं?

त्याच्या वडिलांना सगळे नाना म्हणायचे. पहिल्या दिवशी नाना ओट्यावरूनच म्हणाले, "बाई, पोऱ्याले सुई मारा, गोळी द्या, काहीबी करा. पन पंगतमा बसाले पाहिजे." मग पाटीकडे बघून त्यांनी आडनाव दोनदा वाचलं. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी हातात घेतलं नाही. बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "नाना, ते तुमच्यासाठी भरून ठेवलंय. प्यायचं की नाही ते तुमचं. तहान तुमची आहे." मग मुरलीकडे वळून विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? तुम्हाला पंगतीत बसायचं आहे का?"

मुरलीने नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "त्याले काय इचारतस? बसानं शेच त्याले."

बाई परत मुरलीकडे बघून थांबल्या. मी घड्याळ बघितलं नाही, पण दोन रिक्षा रस्त्यावरून जाईपर्यंत कुणी बोललं नाही. शेवटी मुरली म्हणाला, "मला माहीत नाही." बाई म्हणाल्या, "ठीक. तिथूनच सुरू करू. नाना, तुम्ही बाहेर बसा." नाना आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या दाराबाहेर बसले असतील.

मुरली दर मंगळवारी पॅसेंजरने यायचा. दोन महिने झाले. लग्नाचं पक्कं व्हायची वेळ आली, मुलीकडचे घाई करत होते आणि मुरली हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. एका मंगळवारी तो बाहेर आला आणि बाकावर बसून त्याने मला विचारलं, "मावशी, मी काय करू?"

मी लसूण सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "लग्न करून टाक. बायको आली की घास आपोआप खाली उतरतो."

तो "असं?" म्हणाला. मग बंद दाराकडे एकदा बघून निघून गेला.

पुढच्या मंगळवारी मुरली आला नाही. नाना आले. पेढ्यांचा पुडा आणि लग्नपत्रिका घेऊन. बाई ओट्यावरच उभ्या होत्या. नाना हात जोडून म्हणाले, "बाई, उपकार झाले. तुम्ही मावशीच्या तोंडून निरोप दिला, लगीन करी टाक, आनि पोऱ्यानी घरी येताच हो म्हटलं. आता त्याले येवानी गरज नही." वैशाखातली तारीख होती. पाच आठवडे राहिले होते.

बाईंनी पेढा घेतला नाही. नानांना एवढंच म्हणाल्या, "मुरलीभाऊंना सांगा, मंगळवारी साडेअकराची वेळ त्यांची आहे. ती मी दुसऱ्या कुणाला देणार नाही."

नाना गेले. तेव्हा मला समजलं, की इतकी वर्षं कुणी मला विचारतच नव्हतं. त्यांना वाटत होतं, बाईंचं म्हणणं माझ्या तोंडून येतंय. मी आपली फुशारत होते. आणि या पोराने पाच-सहा वर्षं आवळलेल्या गळ्याने बाईंचा हुकूम म्हणून हो म्हटलं होतं. शिवाय तिकडे भडगावला एक मुलगी होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मावशी, आत या." आत गेल्यावर विचारलं, "कुठे बसता?"

मी म्हटलं, "मी बसत नाही. तुम्ही शिव्या द्या, मी ऐकते, आणि मग मी जाते."

"शिव्या हव्या आहेत?"

"हव्यात."

"माझ्याकडे नाहीत." त्या खाली सतरंजीवर बसल्या. मग मलाही बसावं लागलं. "लोक विचारायचे तेव्हा तुम्हाला काय व्हायचं?"

मी खोटं बोलणार होते. पण ती बाई अशी बघायची की खोटं बोलणं फुकट जाणार हे कळायचं. मी म्हटलं, "बरं वाटायचं."

"हं," त्या म्हणाल्या. "मलाही वाटतं बरं, कुणी विचारलं की. रोज वाटतं."

एवढंच. मला वाटत होतं, ही बाई जन्मतःच अशी आहे. सांगण्याची इच्छा तिला होतच नसेल. ती इच्छा रोज होते आणि रोज ती गिळते, हे मला त्या दिवशी कळलं. चोपड्याच्या म्हाताऱ्यासमोर सात आठवडे बसण्यापेक्षा मला ते मोठं वाटलं.

मी विचारलं, "आता काय करायचं?"

"मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

ज्या वाक्यावर मी चार वर्षं हसले, ते माझ्यासमोर येऊन बसलं. पळायला जागा नव्हती. मी बराच वेळ गप्प होते, आणि मी किती वेळ गप्प बसू शकते हे मलाच नवीन होतं. मग म्हटलं, "मी दोंडाईच्याला जाते. त्याला सांगते, ते बोलणं माझं होतं, तुमचं नव्हतं."

"बरं."

"काय सांगू ते लिहून देता?"

"नाही."

त्यांनी शाबासकी दिली नाही. उठून लुना सुरू करायला गेल्या. नेहमीप्रमाणे झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गेले. दोंडाईच्यात मिरचीचे दिवस होते. मोकळ्या जागेवर लाल मिरची पसरलेली, बायका तोंडाला फडकी बांधून देठ खुडतायत, आणि मी शिंकत शिंकत दुकान शोधतेय. मुरली पोती मोजत होता. मी त्याला बाजूला घेतलं.

"मुरली, मागच्या मंगळवारी मी जे बोलले ते माझं होतं. बाईंनी मला काही सांगितलं नव्हतं. बाईंनी तुला काहीच सांगितलेलं नाही. मी लसूण सोलता सोलता बोलले."

त्याचं तोंड मिरचीसारखं झालं. एवढ्या मऊ माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "म्हंजे? पत्रिका वाटी टाक्यात! बठ्ठा जन मना तोंडमा काही ना काही घालतस. बाप घालस, मामा घालस, तू बी घाल!"

सगळ्यांनीच त्याच्या तोंडात काहीतरी घातलं होतं, आणि त्यात मीही होते. मी ऐकून घेतलं. हमाल थांबून बघत होते.

मग तो खाली बसला आणि अगदी हळू म्हणाला, "आता मी काय करू?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. अजूनही सांगू शकते काय होतं ते. जीभ दातांखाली धरली. "मला माहीत नाही," मी म्हटलं.

"तू बी?" तो म्हणाला, आणि रागातही त्याला हसू आलं. मला नाही आलं. मी परतीची गाडी पकडली.

मंगळवारी साडेअकराला तो आला नाही. बाईंनी दार उघडं ठेवलं आणि तासभर रिकाम्या खोलीत बसून राहिल्या. ओट्यावर दुसरे लोक खोळंबले होते, एक बाई म्हणाली, "आत तर कुणी नाही, मला सोडा ना." मी म्हटलं, "आतली वेळ दिलेली आहे." त्याच्या पुढच्या मंगळवारीही तसंच. मी म्हटलं, "एक कार्ड टाका त्याला. लग्नाला तीन आठवडे राहिले."

"त्यांना वेळ माहीत आहे," बाई म्हणाल्या. पण आत एकट्या बसलेल्या असताना त्यांनी साडीचा पदर इतका पिळला होता की तो दोरीसारखा झाला होता. हे मी पाहिलं.

तिसऱ्या मंगळवारी तो आला. आत तासभर बसला. बाहेर आला तेव्हा बाकावर टेकला नाही, मला काही विचारलं नाही. उभ्याने पाणी प्याला आणि म्हणाला, "भडगावला जातोय. मुलीला सांगायला."

"नानांना माहीत आहे?"

"नाही. एकटाच जातोय."

त्या काळात नवरदेवाने लग्नाआधी एकट्याने मुलीच्या दारात उभं राहणं म्हणजे मोठा गहजब. पुढचं मला कल्पनाने सांगितलं, म्हणजे त्या मुलीने. तो आला, ओसरीवर बसला नाही, आईसमोरच म्हणाला, मला माणसांत जेवता येत नाही, लग्नात घास घेता येणार नाही, पुढे कधी येईल ते माहीत नाही. तुम्हाला हे माहीत असावं, मग ठरवा. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. कल्पनाने विचारलं, "एकटे असताना जेवता का पोटभर?" तो म्हणाला, हो. तिने आठ दिवस मागितले. नानांनी घर डोक्यावर घेतलं, मुरलीशी बोलणं टाकलं. नवव्या दिवशी भडगावहून होकार आला. तो कुणाच्या तोंडून न येता कल्पनाच्या हातच्या पत्रातून आला, मुरलीच्या नावावर.

त्याने बाईंना लग्नाला बोलावलं. बाई बाजारातही आपल्याकडे येणाऱ्या माणसाला आपणहून ओळख दाखवत नसत. त्याने दाखवली तर बोलायच्या, नाही तर भाजी घेऊन पुढे. लोक त्यांना शिष्ट म्हणायचे. त्यांनी मुरलीला विचारलं, "मी कोण म्हणून येऊ?" तो म्हणाला, "मावशीच्या ओळखीच्या म्हणून या." तर तसं गेलो.

दोन वर्षांनी बाईंना मोठं दुखणं लागलं. खोल्या सोडून त्या बडोद्याला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांचं शेवटचं आजारपण मी पाहिलं नाही, आणि ऐकलेलं लिहिण्यात मला रस नाही. मला सांगायचं आहे ते मी पाहिलं मुरलीच्या लग्नात, भडगावच्या पंगतीत.

मांडव मोठा होता. दीड-दोनशे पानं एका वेळी. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तूप. बाई आणि मी मधल्या ओळीत, अनोळखी बायकांत. समोर पाटावर मुरली आणि कल्पना. बायकांनी गलका केला, "नाव घ्या, नाव घ्या, घास द्या!" कल्पनाने नाव घेतलं. मुरलीने तिला बट्टीचा घास दिला, तिने खाल्ला. मग तिची पाळी. तिने घास हातात घेतला आणि मांडव थांबला. नाना खांबाला धरून उभे होते, मला वाटलं पडतात आता.

मुरली उभा राहिला. कपाळावरून घाम मुंडावळ्यांखालून वाहत होता. म्हणाला, "मी चार लोकेसमा जेवत नही. माले जमत नही. कल्पनाले माहीत शे. तुम्ही बठ्ठा जेवा."

आवाज कापत होता, पण मागच्या ओळीपर्यंत गेला. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "अवं माय, हे काय इपरीत!" कल्पनाने हातातला घास त्याच्या पानावर ठेवला आणि त्यावर दुसरी पत्रावळ उपडी घातली. तो खाली बसला. पळाला नाही, बसला. पण दोनशे माणसं त्याच्याकडे बघत होती. वाढपी हातात पळी धरून उभे, घास तोंडाशी थांबलेले. मीही बघत होते. ते बघणं थांबेना. मुरलीचा हात गळ्याकडे जायला लागला.

मी बाईंना कोपराने ढोसलं. "बघा ना!"

बाई बघत नव्हत्या. त्या अख्ख्या मांडवात त्या एकट्याच आपल्या पानात बघत होत्या. बट्टी कुस्करत होत्या. मग त्यांनी हात वर केला, आणि माझ्या ऐकण्यात कधी नव्हता इतक्या मोठ्या, भुसावळच्या फलाटावर शोभेल अशा आवाजात ओरडल्या, "अहो दादा! वरण! इकडे वरण आणा, पान कोरडं पडलंय!"

वाढपी दचकून धावला. पाठोपाठ शेजारणीला आठवलं की तिलाही वरण हवंय. पलीकडून कुणी भाजी मागितली, कुणी तूप. पळ्या वाजायला लागल्या, माना खाली गेल्या, पंगत जेवायला लागली. मुरलीचा हात मांडीवर आला.

बाईंनी वरण भुरकलं आणि मला म्हणाल्या, "जेवा मावशी. गार होतंय."